बिनामालाचा बाजार

...न्हाई हो, माह्या खांद्याचं दुखणं वाताचं न्हाई, डॉक्टर काहीबी म्हणू द्या, त्येला काय जातंय गोळ्या लिहून द्यायला, हे दुखणं चार्टाचं हाय. चार्टाचं! तुम्ही हसताय, पण तुम्हाला सांगतो, माणसापेक्षा लांब कागद, त्येला मागून मांजरपाट चिकटवलेला, दोन्ही टोकाला दांड्या, आन् ते सगळं हात वर करून धरायचं. कुठं, तर साहेब म्हणतील तिथं. किती वेळ, तर साहेबांचं बोलून होईस्तोवर. आन् साहेबांचं बोलणं म्हणजे कीर्तनाला लाजवील असं, तिथं निदान मधी टाळ तरी वाजतात. मी नगरपालिकेत शिपाई म्हणून लागलो तवा मला सांगितल्तं, कचरू, पाणी द्यायचं, टपाल न्यायचं, बेल वाजली की पळायचं. चार्ट धरायचं कुणी बोल्लं न्हवतं.

साहेब म्हणजे आमचे भुजंगराव ओव्हरसियर. माणूस लाखात एक, मी काही त्येला नावं ठेवत न्हाई. आमच्याच गावचा, आमच्याच गल्लीतला. त्येची माय गोजरबाई मंगळवारच्या आठवडी बाजारात बसायची, बैलाचे गोंडे, कवड्यांच्या माळा, रंगीत दोऱ्या विकायची, अजूनबी विकते, पोरगा साहेब झाला तरी तिनं बाजार सोडला न्हाई. "तू तुह्या खुर्चीवर बस, म्या माह्या जागेवर बसते," असं तोंडावर सांगितलं तिनं. तर हा भुजंगराव भोकरदनकडं नोकरी करून आपल्या गावात आल्ता, बिचारा नळ-गटारं बघत होता, सगळं नीट चाललं होतं. तेवढ्यात शहाण्णव साली सरकारला काय वाटलं कुणास ठाऊक, हुकूम निघाला की लहान गावांचे जुने बाजार, जुन्या पेठा सुधारायच्या, आन् त्येच्यासाठी आधी हरेक नगरपालिकेतून एक माणूस पुण्याला ट्रेनिंगला पाठवायचा. आमचे अध्यक्ष काकासाहेब, त्यांची सुपारी कायम एका गालात, ते म्हणले, "भुजंगला पाठवा. त्येला एस्टी लागत न्हाई."

झालं. गेल्ता साधा ओव्हरसियर, आला तो येगळाच. एस्टीतून उतरल्याबरोबर, अजून पिशवी खांद्यावर, मला म्हणतो, "कचरू, आपल्याकडं कामं काहून रखडतात माहितीय का?"

मी म्हणलं, "पैसे येत न्हाईत म्हणून."

"न्हाई."

"ठेकेदार पळतो म्हणून."

"न्हाई."

"मंग पाऊस."

"न्हाई रे बाबा. आपण उलटं धरत न्हाई म्हणून. शेवटचा दिवस आधी धरायचा, आन् तिथून मागं मागं यायचं. मंग कळतं आज काय करायचं ते."

मागं मागं चालणारा माणूस खड्ड्यात पडतो, असं मी म्हणलं, पण मनात म्हणलं. शिपायानं सगळं मनातच म्हणायचं असतं.

मंग काय, नवीन जालन्याला जाऊन स्टेशनजवळच्या दुकानातून रंगीत पेनं आणली, कागद आणला, आन् ओव्हरसियर साहेब हापिसात जमिनीवर उपडे पडून चार्ट काढायला लागले. लोक दाखले न्यायला येऊन राह्यले, त्यांना वाटलं साहेबाला भोवळ आली, एका म्हातारीनं तर कांदा आणून नाकाला लावला. हिरव्या पट्ट्या, निळ्या पट्ट्या, कोणतं काम कोणत्या कामाच्या आधी, कोण कोणाच्या नंतर, ओटे, नाली, पाण्याची टाकी, दिवे, सगळं त्येच्यात. आन् मधून एक लाल रेघ. "ही लाल रेघ म्हणजे जीव हाय कचरू. बाकीचं मागंपुढं झालं तर चालतं. ह्या रेघेवरचं एक काम हललं की सगळं हललं."

आता तुम्ही म्हणाल, बाजाराला एवढं काय झाल्तं? अहो, तुम्ही आमचा बाजार तवा बघितला न्हाई. गुडघ्याइतका चिखल, मधून उघडी नाली, भाजी घ्यायला वाकावं तर माशीच आधी भाव करणार. गिऱ्हाईक कंटाळून कुंभार पिंपळगावच्या बाजाराला जायला लागल्तं. आन् बाजाराचं असं असतं, लोकांच्या पायाला दुसरी वाट लागली की बाजार मोडतो, आन् एकदा मोडलेला बाजार परत भरत न्हाई. आमच्यासारख्या गावाचा बाजार मोडला तर मागं काय राहतं? नगरपालिका आन् मी.

पण भुजंगरावाच्या पोटात दुसरंच होतं, ते मला चार्ट धरल्या धरल्या कळलं. त्येच्यावर एक चौकोन होता, 'महिला प्रसाधनगृह'. मी म्हणलं, "साहेब, हे काय?" तर म्हणे, "मुतारी रे, बायांची." आता बघा, ती लाल रेघ सरळ चालली होती, ओट्याकडून टाकीकडं, आन् मधीच वाट वाकडी करून त्या मुतारीला जाऊन परत आल्ती. मी काही पुण्याला गेलो न्हवतो, पण रेघ उगाच वळसा घेत न्हाई एवढं मला कळतं. मी बघितलं, तर साहेब दुसरीकडं बघायला लागला. मंग हळूच म्हणला, "माय मंगळवारी दिवसभर पाणी पीत न्हाई कचरू. म्या लहान होतो तवापासून. प्यायलं तर जायचं कुठं? तिथल्या एकबी बाईला मंगळवारी पाणी पिताना म्या बघितलं न्हाई."

काकासाहेबांनी चार्ट बघितला, सुपारी ह्या गालातून त्या गालात केली, म्हणले, "भुजंग, ही मुतारी राहू दे. त्यापेक्षा एक कमान उभी कर. कमानीवर नावं टाकता येतात. मुतारीवर कोणाचं नाव टाकणार तू?"

भुजंगराव म्हणला, "साहेब, केली असती. पण ती लाल रेघेवर आली ना. लाल रेघेवरचं हलवलं तर सगळंच थांबतं, पुण्याला बजावून सांगितलंय." काकासाहेबांनी रेघेकडं बघितलं, माह्याकडं बघितलं. मी चार्टामागं तोंड घेतलं. चार्टाचा तेवढा एक फायदा हाय, मागं तोंड लपतं.

मंग मारुतीच्या पारावर सगळ्या बाजारवाल्यांची सभा. मी पारावर उभा, हात वर, आन् साहेब बोलून राह्यला. शेवटी जोरात म्हणला, "पोळ्याच्या बाजाराला तुम्ही सगळे आपापल्या जागेवर, पक्क्या ओट्यावर बसलेले असाल. नसाल, तर माह्यं नाव भुजंग न्हाई!"

गर्दीतून गोजरबाई उठली. "नाव म्या ठेवलेलं हाय. त्येच्यावर पैज लावायची न्हाई."

सगळा पार हसला, पण पोळ्याचा बाजार म्हणजे गोजरबाईचं काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं. वर्षभर जी बाई लोकरीचे गोंडे वळते, कवड्या ओवते, तिचं वर्षाचं पीक त्या एका मंगळवारी. बैल काय दर आठवड्याला नटतो का? तो एक बाजार हुकला की पुढचं वर्षभर गोंडे पेटीत आन् बाई घरात. साहेबानं सगळ्या गावासमोर शब्द दिला, पण शब्द खरा होता तो मायला.

अक्षय तृतीयेला नारळ फुटला. बाजार तेवढ्यापुरता शाळेमागच्या पटांगणात हलवला. सर्जेराव ठेकेदार कामाला लागला. हा सर्जेराव म्हणजे चालायचं म्हणलं तरी बसून चालणारा, पण त्येलाबी चार्टानं काय झालं कुणास ठाऊक, पहिलंच काम, 'जागा मोकळी करणे', ते ठरल्याच्या आधी उरकून मोकळा. साहेब तर हवेतच. "धर कचरू!" मी धरला. त्येनं हिरव्या पेनानं चौकोन रंगवला, जरा लांब जाऊन बघितलं, परत येऊन अजून रंगवला. चार्टवर सगळं बराबर होतं, तुम्हाला सांगतो. चार्टवर.

मंगळवार आला. पटांगणातला बाजार संपवून बाया जाता जाता जुन्या जागेवर डोकावल्या, काम कुठवर आलंय बघायला. पुढं नूरबी. ही बांगड्यावाली, गोजरबाईची शेजारीण, दोघी सुना म्हणून बाजारात आल्या तवापासून एकीला एक लागून बसतात, आन् तवापासूनच भांडतात. नूरबी उभी राह्यली, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आन् म्हणली, "भुजंगबेटा, मेरा पत्थर कां गया?"

मीबी खाली बघितलं. दगड!

तुम्हाला सांगतो, आमच्या बाजारात हरेकाची जागा दगडानं धरलेली. नूरबीचा एक झिजलेला पाटा, गोजरबाईची जात्याची फुटकी तळी, कोणाची वीट, कोणाचा नुसता धोंडा. मंगळवार संपला की माल जातो, माणूस जातो, दगड राहतो. आठवडाभर तिथं कुत्री झोपतात, पोरं खेळतात, बैलगाड्या सुटतात, पण दगड कुणी हलवत न्हाई. दगड हलवला म्हणजे माणूस उठवल्यासारखं. नूरबीची सासू जायला लागली तवा तिनं सुनेला बांगड्यांची पेटी दिली आन् बाजारात नेऊन पाटा दाखवला, बास, तीच वाटणी. गावात शेंबड्या पोराला ठाऊक असलेली गोष्ट. साहेब तर त्याच जात्याच्या तळीवर बसून लहानाचा मोठा झाला. पण आमचं कसं असतं, जे डोळ्यासमोर असतं ते कागदावर घ्यायचं सुचत न्हाई.

साहेब सर्जेरावाकडं पळाला, मागं मी, माह्या मागं चार्ट. "सर्जेराव, जागेवरचे दगड?"

सर्जेराव बिडी पेटवत म्हणला, "वापरले की."

"कुठं?"

"नालीच्या तळाला. दगडं भरून वरून काँक्रीट. तुम्हीच म्हणले, जागेवरचं सामान वापरा, खर्च वाचवा. चांगले निघाले बगा दगड, एक तर पाटाच होता, एकदम सपाट." आन् वर विचारतो, "साहेब, तो चौकोन रंगवला का हिरवा?"

आता काय बोलता? सगळ्या बाजाराचे सातबारे नालीत, आन् नालीवर काँक्रीट. चार्टवर सगळं बराबर होतं.

साहेबानं मंग पुण्याचं दुसरं औषध काढलं. नंबर टाकू ओट्यांना, चिठ्ठ्या टाकू, सोडत काढू, कोणावर अन्याय न्हाई. परत पार, परत सभा, परत माह्ये हात वर. गोजरबाई पदर खोचून उठली. "का रे, इतकी वर्षं संसार झाल्यावर नवऱ्याची सोडत काढतं का कुणी?" सगळ्या बाया तोंडाला पदर लावून. नूरबी म्हणली, "नंबर से चूडी नै बिकती बेटा, जगा से बिकती. गिराहक अंधेरे में बी आता मेरे पास." आन् तिकडून एक, इकडून एक, जो तो आपली जागा सांगायला लागला, आन् काय सांगता, ज्येची जागा आधी कोपऱ्यात नालीपाशी होती तोबी म्हणायला लागला मी मधी लिंबाखाली होतो. दगड न्हाई म्हणल्यावर साक्षीदार कोण? दुसऱ्या दिवशी बाया वाळूच्या ढिगावर येऊन बसल्या. जागा ठरल्याबिगर एक घमेलं हलू द्यायचं न्हाई. आन् सगळ्यात वर, ढिगाच्या शेंड्यावर, साहेबाची माय.

काम बंद. सर्जेरावानं मिक्सर दुसऱ्या गावाला नेला. लाल रेघ तिथंच अडकली. पाऊस पडून उघडला, बाजरी निसवायला आली, चार्टवर आतापर्यंत ओटे उभे राह्यले होते आन् जागेवर ढीग. काही बाजारवाले कुंभार पिंपळगावला जायला लागले, आधी एक, मंग त्येचं बघून दुसरा. काकासाहेब म्हणले, "पोलीस बोलावतो, चार बाया उठवायला काय लागतं?" साहेब म्हणला, "त्या चारात माही माय हाय." काकासाहेबांनी सुपारी थुंकली. "मंग तू घरूनच काम कर."

घरी काय चाललं होतं ते मला शेजारून दिसत होतं. गोजरबाई लेकाला ताट वाढायची, भाकरी वाढायची, पण 'अजून घे' म्हणत न्हवती. तुम्हाला ह्याच्यात काही वाटणार न्हाई, पण आमच्या गल्लीत माय 'अजून घे' म्हणली न्हाई म्हणजे वकिलाची नोटीस आल्यासारखं असतं. पोरगा अर्ध्या भाकरीवर उठायचा. आन् ती आत बसून गोंडे वळायची, पेटी भरत आल्ती, पोळा जवळ आला तसतशी अजून जोरात वळायची, जसा काही बाजार भरणारच हाय.

एक दिवस जेवता जेवता त्येनं तिला विचारलं, ते मी ऐकलं, मी तिथं ओट्यावर तंबाखू मळत होतो. "माय, तूच सांग, तुही जागा नेमकी कुठून कुठवर होती?"

"नूरबीच्या डाव्या हाताला."

तसाच उठला, हात न धुता नूरबीच्या घरी. "चाची, तुमची जागा?"

"गोजर के बाजू में. और कां?"

"आन् तुमच्या पलीकडं?"

"वो लसूनवाला. उस के बाद रस्सीवाला, आधा दिन सोताच रैता."

लसूणवाल्याकडं गेला, तो म्हणला, "नूरबीआपाच्या उजवीकडं." दोरीवाल्याला झोपेतून उठवलं, तो म्हणला, "लसणाच्या वासात." सगळ्या गावात साहेब उष्ट्या हातानं फिरला, मागं मी. आन् फिरून फिरून मारुतीपाशी आला तवा हसायला लागला. मला वाटलं गेला हातचा. म्हणला, "कचरू, एकालाबी स्वतःची जागा सांगता येईना. सगळ्यांना शेजारी सांगता येतो."

मी म्हणलं, "मंग?"

"मंग पुण्याच्या मास्तरानं काय सांगितल्तं? शेवटचा दिवस आधी धरायचा. आपण तो कागदावर धरला, तिथं चुकलं. शेवटचा दिवस कोणता? पोळ्याचा बाजार. तर तो आधी भरवू. ओटे नंतर."

"माल?"

"माल कशाला? माणसं बसू देत नुसती."

तर तुम्हाला सांगतो, शुक्रवारी, बाजार नसलेल्या वारी, बिनामालाचा बाजार भरला. दवंडी फिरली. बाया आल्या, गडी आले, हातात काही न्हाई, सगळे लग्नात मानपान न मिळालेल्या पाहुण्यासारखे उभे. कोणी बसेना. रिकामं बसायला लाज वाटते माणसाला. शेवटी गोजरबाई ढिगावरून खाली उतरली, लेकाकडं बघितलं न्हाई, लिंबाचं झाड बघितलं, दोन पावलं पुढं, एक मागं, आन् पदर सावरून बसली. म्हणली, "नूरबे, ये." नूरबी बसली. मंग लसूणवाला. मंग दोरीवाला, बसला आन् डोळे मिटले, सगळे ओरडले, हां हां, बराबर, हीच जागा! मंग काय विचारता, एकाला लागून दुसरा, दुसऱ्याला लागून तिसरा, जो लिंबाखालचा म्हणून सांगत होता त्येला दोन्ही शेजाऱ्यांनी दंडाला धरून नालीपाशी नेऊन बसवलं, तोबी हसत बसला.

आन् बसल्यावर सवय गप बसू देती का? एकानं नुसतं म्हणलं, "काय भाव लावला?" समोरच्यानं सांगितला. "लई महाग." "पुढं बघा मंग." अहो, हातात काही न्हाई, आन् घासाघीस सुरू! तेवढ्यात एस्टीतून एक म्हातारा उतरला, त्येला वाटलं आज मंगळवार, पिशवी घेऊन कांदेवालीसमोर बसला. ती म्हणते कांदा न्हाई. हा म्हणतो, "न्हाई कसा, मंग बसलीस कशाला? भाव वाढायची वाट बघून राह्यली का?" बाजारात हशा, म्हातारा तणतणत गेला.

भांडण एकच झालं, ते गोजर-नूरबीचं, एका वितीवरून. "तुही पेटी माह्याकडं यायची." "मेरी पेटी नै, तेरे गोंडे." साहेब हातात चुन्याची फक्की घेऊन मधी उभा, मारू का नको. शेवटी गोजरबाई जरा सरकली. "घे बाई. तुह्या बांगड्या फुटतील, माह्ये गोंडे काय फुटत न्हाईत." नूरबी म्हणली, "नक्को, आधी वीत ले." आन् साहेबानं दोघींच्या मधी वाकून रेघ मारली, चुन्याची, पांढरीफेक.

ह्या सगळ्यात मी कुठं होतो? मी बाजाराच्या बराबर मधी, हात वर, चार्ट धरून. कारण साहेब एकेक जागा बघून चार्टाच्या पाठीवर काढून घेत होता. ऊन माह्या डोक्यावर, चार्टाची सावली मिरचीवालीवर. ती म्हणती, "कचरूभाऊ, हलू नका, बरं वाटतंय."

रेघा वाकड्यातिकड्या आल्या. सर्जेराव मिक्सर घेऊन परत आला, बघून म्हणला, "साहेब, ओटे सरळ न्हाई येणार." साहेब म्हणला, "नको येऊ देत." आता पोळा उंबऱ्यावर, दिवस कमी, आन् नव्या सिमेंटला तर पाणी मारत राहावं लागतं, न्हाई तर तडकतं. चार्टवर त्येच्यासाठी दोन मजूर धरले होते. इथं झालं काय, आपल्या रेघेवर ओटा दिसल्यावर जो तो घरून घागर घेऊन यायला लागला. सकाळी बघावं तर सगळा बाजार पाणी मारून राह्यला, बाया शेतात जाता जाता, गडी शेतातून येता येता. गोजरबाई गोंड्यात गुंतलेली, लेक हापिसात, तर तिच्या ओट्यावर नूरबी पाणी मारायची, आन् मारता मारता ऐकवायची, "देख, तेराबी मैंच करती." एकबी ओटा तडकला न्हाई. आन् त्या दिवसापासून शेजारून आवाज यायला लागला, "अजून घे रे, एक तरी घे."

पोळ्याचा मंगळवार. दिवे लागले न्हवते, रंग दिला न्हवता, पण ओटे तयार, नाली झाकलेली, टाकीत पाणी, आन् बायांच्या मुतारीला दार, दाराला आतून कडी. आन् सगळ्याला भोवती लाल फीत! काकासाहेबांनी जालन्याहून मोठे पाहुणे बोलावले होते, ते येऊन कापतील मंग बाजार. माणसं पहाटेपासून माल घेऊन फितीबाहेर उभी. पाहुणे यायचं नाव न्हाई. खेड्यापाड्यातून लोक बैल घेऊन आले, गोंडे बघून राह्यले, कोणी म्हणलं, "चला पिंपळगावला, हितं काही खरं न्हाई." भुजंगरावाचं तोंड चुन्यासारखं झालं. चार्टावर पाहुण्यांना चौकोनच न्हवता.

गोजरबाईनं पेटी डोक्यावर घेतली. "पोळा काय पाहुण्यासाठी थांबतो व्हय?" म्हणली, आन् फीत न तोडता, न ओढता, पेटी उतरवून पुढं सरकवत खालून वाकून आत गेली. काकासाहेब "अहो, अहो" करेपर्यंत मागून नूरबी, मागून लसूण, मागून दोरी. गिऱ्हाईक वाकून आत, वाकून बाहेर. फीत जागच्या जागी. काकासाहेबांनीबी शेवटी वाकूनच सुनेसाठी बांगड्या घेतल्या.

असा बाजार भरला, तुम्हाला सांगतो, की पाय ठेवायला जागा न्हाई. पिंपळगावला गेलेले बाजारवाले परत आले, त्यांच्या जागा शेजाऱ्यांनी राखून ठेवल्या होत्या. गोजरबाईचे गोंडे असे चालले की दुपारी पेटीचा तळ दिसायला लागला. तवा तिनं जरा पाठ टेकवली, कपाळ पुसलं, आन् म्हणली, "कचरू, तांब्या भरून दे रे."

मी टाकीवरून तांब्या भरून आणला. तिनं तो तोंडाला लावला आन् खाली ठेवलाच न्हाई. गटागटा, सगळा. मंग म्हणली, "अजून एक." आन् नूरबीला म्हणली, "तूबी पी गं, आता काय भ्या हाय?" मंग त्या ओळीतल्या बायांनी एकीचं बघून दुसरीनं, सगळ्यांनी पाणी मागितलं, भर बाजारात, भर मंगळवारी.

साहेब माह्या बाजूला उभा होता. हळूच म्हणला, "कचरू, चार्ट जरा वर धर." मी धरला. तो चार्टाच्या मागं आला आन् डोळ्याला रुमाल लावून रडला, लहान पोरासारखा. माह्या तर दोन्ही हातात चार्ट, मला डोळे पुसायची सोय न्हवती.

पाहुणे आले दिवस मावळताना, बाया पेट्या बांधून राह्यल्या तवा. फीत कापली, टाळ्या झाल्या, आन् त्या फितीचे तुकडे दुसऱ्या दिवशी पोळ्यात बैलांच्या शिंगाला होते.

आता मला वाटलं, संपलं. पुढच्या मंगळवारी मी अंगण सारवायला शेण आणू का झोप काढू असं करत रजा टाकून घरी बसलो, तर दहा माणसं दारात. "कचरूभाऊ, लवकर चला, भांडण लागलं." काय झालं? तर मिरचीवाली म्हणते माह्या उजव्या हाताला कचरू होता, भांडेवाला म्हणतो माह्या डाव्या हाताला कचरू होता, आन् मधी माह्या जागेवर तर ओटाच न्हाई, मोकळी जागा, कोणी किती सरकायचं? त्या बिनामालाच्या दिवशी बसताना सगळ्यांनी माह्यावरून माप धरलं होतं! मी गेलो, मधी उभा राह्यलो, दोघं गप झाले. पुढच्या मंगळवारी तेच. त्येच्या पुढच्या बी.

आता साहेब बढती होऊन औरंगाबादला गेले. नवा साहेब आला, त्येचा चार्ट कॉम्प्युटरमधून निघतो, इवलासा, खिशात मावतो, तो शिपायाला धरायला लागत न्हाई. मी म्हणलं, चला, सुटलो. पण मंगळवारी त्या जुन्या चार्टाबिगर उभं राह्यलं तर मिरचीवालीला ऊन लागतं. एवढ्या मोठ्या बाजारात सगळ्यांना बसायला ओटा मिळाला हो, आन् मला मिळाली उभं राह्याची जागा. ह्या मंगळवारी जायचंच न्हाई असं पक्कं ठरवल्तं मी. पण काल तिकडून जाता जाता बघितलं, तर माह्या जागेवर कुणीतरी दगड ठेवलाय.